बोकडविरा ते घारापुरी : विकेंद्रित विजेच्या विचाराची प्रस्तावना

मराठी बोलीत वीज तयार होत नाही, ती ‘येते’ आणि ‘जाते’. ‘लाइट आली’ आणि ‘लाइट गेली’ ही दोन वाक्ये घराघरांत इतकी रुळलेली आहेत की त्यांमागे गृहीत धरलेली व्यवस्था सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही : वीज कुठेतरी दूर, एखाद्या मोठ्या यंत्रणेने निर्माण करायची, ती उंच मनोऱ्यांवरून उपकेंद्रात आणि तिथून गावच्या डीपीपर्यंत पोचायची, आणि ग्राहकाने ती वापरून महिन्याकाठी बिल भरायचे. या व्यवस्थेत ग्राहकाच्या वाट्याला दोनच कामे येतात, वाट पाहणे आणि पैसे भरणे. गेल्या दीड दशकात ही व्यवस्था एका कडेने उसवू लागली आहे. घराच्या गच्चीवर, शाळेच्या छपरावर, गावाबाहेरच्या माळावर लहान लहान प्रमाणात वीज तयार होऊ लागली असून कालपर्यंत केवळ ग्राहक असलेला माणूस दिवसाच्या काही तासांत पुरवठादारही ठरू लागला आहे. जिथे वीज वापरायची तिथे किंवा त्याच्या जवळच, स्थानिक वितरणाच्या तारेला जोडून किंवा तिच्याशिवायही, लहान क्षमतेच्या साधनांनी ती निर्माण करणे म्हणजे विकेंद्रित वीजनिर्मिती, अशी या विषयाची कामचलाऊ व्याख्या करता येईल.

ही व्याख्या कामचलाऊच आहे, कारण तिच्यात अंतर आणि आकार यांचा विचार असला तरी अधिकाराचा विचार नाही. वीज जवळ तयार होते म्हणून ती जवळच्या माणसाला मिळतेच असे नाही, आणि ती लहान यंत्रातून निघते म्हणून तिच्यावर लहान माणसाचा ताबा असतोच असेही नाही. हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रात उरणइतका बोलका तालुका क्वचितच सापडेल. त्यामुळे भविष्यातील वीजपुरवठ्याची ही चर्चा जर्मनीपासून किंवा राजस्थानच्या वाळवंटापासून सुरू न करता रायगड जिल्ह्याच्या या खाडीकाठच्या टोकापासून सुरू करणे अधिक उपयोगाचे ठरते.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली, १९७४ साली ‘सागर सम्राट’ या वेधन-जहाजाने तेल शोधून काढले आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव देशभर झाले. तिथले तेल व नैसर्गिक वायू समुद्रतळावरील नळांतून उरणच्या किनाऱ्यावर आणले गेले आणि त्यांच्यावर प्रक्रिया करणारा ओएनजीसीचा प्रकल्प उरणला उभा राहिला. त्याच वायूच्या भरवशावर बोकडविरा येथे तेव्हाच्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने वायू विद्युत केंद्र उभारले, ज्यातील पहिले संच १९८२ साली सुरू झाले. वायूवर चालणाऱ्या संचाची रचना विमानाच्या इंजिनाशी नाते सांगणारी असते : दाबलेल्या हवेत वायू जाळायचा, त्या तप्त झोताने टर्बाइनची पाती फिरवायची आणि टर्बाइनला जोडलेल्या जनित्रातून वीज घ्यायची. टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूरही इतका तापलेला असतो की तो वाया न घालवता त्याच्यावर पाणी उकळून वाफ करता येते आणि त्या वाफेवर दुसरे टर्बाइन चालवता येते. या जोडरचनेला संयुक्त चक्र म्हणतात. बोकडविऱ्यात १०८ मेगावॅटचे ४ वायुसंच आणि उरल्या उष्णतेवर चालणारे १२० मेगावॅटचे २ वाफसंच मिळून ६७२ मेगावॅटची क्षमता आहे. मेगावॅट म्हणजे १,००० किलोवॅट, आणि १ किलोवॅटचे उपकरण तासभर चालले की बिलावर १ युनिट चढते, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे आकडे परके वाटणार नाहीत.

आता विसंगती पाहावी. समुद्रातला वायू ज्या तालुक्यात किनाऱ्याला लागतो, त्याच तालुक्यातल्या केंद्राला तो वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेइतका मिळालेला नाही. कारण वायूचे वाटप अंतरावर ठरत नाही, ते केंद्र सरकारच्या धोरणाने ठरते, आणि त्या धोरणात खत कारखाने, शहरांतला घरगुती वायू, वाहनांचे सीएनजी असे दावेदार रांगेत उभे असतात. म्हणजे इंधन दारात आणि संच मात्र कमी भारावर, अशी या केंद्राची अनेक वर्षांची स्थिती आहे.

दुसरी विसंगती अधिक बोचरी आहे. लेण्यांमुळे जगाच्या नकाशावर असलेले, १९८७ पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत असलेले घारापुरी बेट उरण तालुक्यातच येते. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या त्याच्या तीन वस्त्यांना स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षे तारेवरची वीज नव्हती. संध्याकाळी डिझेलचा जनित्रसंच सुरू व्हायचा, तीन-साडेतीन तास दिवे लागायचे, आणि मग बेट पुन्हा काळोखात जायचे, तर समोरच्या किनाऱ्यांवर मुंबईचे, बंदराचे आणि ओएनजीसीचे दिवे रात्रभर जळत राहायचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये महावितरणने मुख्य भूमीपासून समुद्रतळावरून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून, सुमारे २५ कोटी रुपये खर्चून, बेटावर चोवीस तास वीज आणली. तीनही वस्त्यांसाठी रोहित्रे बसली आणि घरोघरी मीटर लागले.

विकेंद्रीकरणाच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी या घटनेकडे जरा थांबून पाहायला हवे. घारापुरीचा डिझेल संच ही व्याख्येने विकेंद्रित वीजच होती : स्थानिक, लहान, तारेच्या जाळ्यापासून स्वतंत्र. तरीही ज्यांच्या वाट्याला ती आली त्यांनी तिच्यापासून सुटका मागितली आणि समुद्राखालून तार आल्यावर सण साजरा केला, कारण ती वीज महाग होती, तासांत मोजलेली होती आणि तिचे इंधन होडीने आणावे लागत होते. स्वावलंबन हा शब्द कानाला गोड लागतो. पण फ्रिज चालत नाही, शीतपेटीत मासळी राहत नाही आणि मुलाला रात्री दहानंतर अभ्यास करता येत नाही, अशा स्वावलंबनाचे कौतुक ते न भोगणाऱ्यालाच परवडते. म्हणून केंद्रित व्यवस्थेवर टीका करण्यापूर्वी तिने काय दिले, हे नीट सांगणे भाग आहे.

महाराष्ट्रात, किंबहुना भारतात, दूरवरून वीज आणण्याच्या कल्पनेचा एक उगम याच जिल्ह्यात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून, घाटाखाली खोपोलीत पाणी उतरवून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, ही टाटांची योजना १९१५ साली प्रत्यक्षात आली. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. त्याआधी प्रत्येक गिरणी आपला कोळसा, आपला बॉयलर आणि आपले वाफेचे इंजिन बाळगून होती, म्हणजे ऊर्जा त्या अर्थाने विकेंद्रितच होती, आणि तिच्या धुराने गिरणगाव काळवंडले होते. खोपोलीच्या विजेने तो धूर कमी केला, पण त्याचबरोबर एक सवयही लावली : डोंगर, पाणी आणि विस्थापन एका जागी, उजेड आणि उद्योग दुसऱ्या जागी. २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाने ही रचना राज्यभर पसरवली. कोयनेचे पाणी, तारापूरचा अणुप्रकल्प, विदर्भातला कोळसा यांची वीज एका जाळ्यात आली. १९९९ साली सुरू झालेली चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाब एकदिश प्रवाहाची वाहिनी म्हणजे या विचाराचे टोक होय. वर्धा खोऱ्याच्या कोळशावर तयार झालेली वीज राज्य ओलांडून थेट भिवंडीजवळ उतरते आणि तिथून महामुंबईला मिळते.

मोठ्या केंद्रांचा पक्ष दुबळा नव्हता. यंत्र जितके मोठे तितका प्रति युनिट खर्च कमी, एका केंद्रातला बिघाड दुसऱ्याने सांभाळायचा, आणि शहरातल्या कारखान्याने भरलेल्या चढ्या दरातून खेड्यातल्या पंपाची वीज स्वस्त ठेवायची, हे सारे एकत्रित जाळ्यामुळेच शक्य झाले. एका ग्राहकवर्गाच्या दरातून दुसऱ्याचा दर उतरवण्याच्या या पद्धतीला क्रॉस सबसिडी म्हणतात आणि महाराष्ट्राच्या वीजकारणातला निम्मा वाद तिच्याभोवती फिरतो. किंमत मात्र ज्यांच्या जमिनीवर ही व्यवस्था उभी राहिली त्यांनी मोजली. उरण-पनवेल पट्ट्यात सिडकोचे नवे शहर आणि न्हावा-शेवा बंदर यांसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला लढा आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबारात पडलेले पाच हुतात्मे ही या भूमीची स्मृती आहे. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. तो लढा विजेसाठी नव्हता. पण प्रकल्प कोणाच्या शेतात आणि लाभ कोणाच्या खात्यात, हा त्यातला प्रश्न विजेच्या संदर्भात आजही जसाच्या तसा लागू पडतो.

येथे एक तांत्रिक खुलासा आवश्यक आहे, कारण ‘आमची वीज मुंबईला जाते’ हे वाक्य भावनेने खरे असले तरी पदार्थविज्ञानाने अर्धेच खरे आहे. तारेच्या जाळ्यात सोडलेल्या विजेवर कोणाचे नाव लिहिलेले नसते, आणि ती प्रामुख्याने जवळच्या भाराकडे वाहते. बोकडविऱ्यात तयार झालेली वीज जेएनपीएच्या, म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्या, क्रेनना, द्रोणागिरीच्या गोदामांना आणि नवी मुंबईच्या इमारतींना आधी लागते, आणि उरलेली पुढे सरकते. तरीही भारनियमनाच्या काळात कोणत्या फीडरचा पुरवठा किती तास बंद ठेवायचा, हा निर्णय विजेचा प्रवाह घेत नाही, माणसे घेतात. फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघून काही गावांना किंवा वस्त्यांना वीज पुरवणारी एक वाहिनी. तिचे बटण कोणाच्या हाती, हा विकेंद्रीकरणाचा गाभ्याचा प्रश्न आहे, आणि सौर पॅनलच्या जाहिरातींत तो कधीच दिसत नाही.

वीज कायदा २००३ ने हे चित्र बदलायला प्रारंभ केला. वीजनिर्मितीला परवान्याची गरज उरली नाही आणि निर्मिती, पारेषण, वितरण ही कामे वेगळी करण्याचा मार्ग खुला झाला. त्यानुसार जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. पण कायद्यापेक्षा मोठा बदल पॅनलच्या किमतीने घडवला. सौर पॅनल ही एकेकाळी उपग्रहांना आणि दुर्गम दीपगृहांना परवडणारी चैन होती. आज तीन किलोवॅटचा संच मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार, असे कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. महाराष्ट्राच्या उन्हात १ किलोवॅटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देते आणि त्याला सुमारे शंभर चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते.

‘सावलीमुक्त’ हा शब्द कागदावर सोपा दिसतो. उरण शहरातली एखादी पंचवीस-तीस वर्षांची चार मजली सोसायटी डोळ्यांसमोर आणली तर त्याचा खरा अर्थ कळतो. गच्चीच्या मधोमध पाण्याच्या टाक्या, एका कोपऱ्यात जिन्याची खोली, दुसऱ्या कोपऱ्यात डिश अँटेनांची गर्दी, आणि स्लॅब गळतो म्हणून उरलेल्या जागेवर लोखंडी सांगाड्यावर ठोकलेली पत्र्याची शेड, असा तो नकाशा असतो. त्या पत्र्यावर पॅनल बसवायचे तर सांगाडा समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेला; तो बदलायचा तर खर्च कोणी करायचा, वरच्या मजल्यावरच्यांनी की सर्वांनी; आणि वीज जिन्याच्या दिव्यांना व पंपाला द्यायची की प्रत्येकाच्या मीटरला, यावर सर्वसाधारण सभेत एकमत व्हायला दोन वर्षे लागतात. बंगला असलेल्या माणसासाठी सौरऊर्जा हा एक अर्ज आहे, सोसायटीत राहणाऱ्यासाठी ती एक वाटाघाट आहे, आणि भाडेकरूसाठी, किंवा गावठाणातल्या सामाईक भिंतींच्या घरांत राहणाऱ्यासाठी, ती बहुधा शेजाऱ्याच्या छपरावर दिसणारी वस्तू आहे. अनुदानाची रचना करणाऱ्यांनी छप्पर आणि मालक एकच असतो असे धरून चालणे ही या धोरणातली सर्वांत मोठी त्रुटी म्हणावी लागेल.

नेट मीटरिंग ही संज्ञाही येथेच उलगडायला हवी. दुपारी घरात माणसे नसतात तेव्हा छपरावरची वीज तारेवर सोडली जाते आणि मीटर तिची ‘निर्यात’ म्हणून नोंद करतो. रात्री घर तारेवरून वीज घेते, ती ‘आयात’. महिन्याच्या शेवटी आयातीतून निर्यात वजा करून उरलेल्या युनिटांचे बिल येते. म्हणजे जाळे हे जणू गावच्या पतपेढीसारखे वापरले जाते : दुपारी ठेव, रात्री काढ. पण पतपेढी ठेवीवर व्याज देते आणि ठेव दुसऱ्याला कर्जाऊ देऊन चालते. वीज कंपनीला मात्र दुपारची ठेव त्याच क्षणी कोणाच्या तरी गळी उतरवावी लागते आणि रात्रीची परतफेड महागड्या विजेने करावी लागते. सर्वांनीच दुपारी ठेवायचे आणि संध्याकाळी काढायचे ठरवले तर ही पेढी चालणार नाही. दुपारी जाळ्यावरची मागणी खोल उतरते आणि सूर्यास्ताबरोबर एकदम उसळते. या आलेखाचा आकार बदकाच्या पोट-मानेसारखा दिसतो म्हणून जगभरचे अभियंते त्याला ‘डक कर्व्ह’ म्हणतात. दुपारी स्वस्त आणि संध्याकाळी महाग, अशी वेळेनुसार दर बदलणारी पद्धत घरगुती ग्राहकापर्यंत येऊ लागली आहे ती या बदकामुळेच.

संध्याकाळच्या त्या उसळीला कोण तोंड देणार, या प्रश्नापाशी बोकडविरा पुन्हा समोर येते. कोळशाचा बॉयलर थंड अवस्थेतून भारावर यायला बराच वेळ घेतो, तर वायुसंच तुलनेने फार लवकर सुरू होतो आणि लवकर थांबवता येतो. उद्या दिवसा पॅनल आणि सायंकाळी वायू अशी जोडी जमली, तर चार दशकांपूर्वी सतत चालण्यासाठी बांधलेले केंद्र दिवसातले मोजके तास चालूनही मोलाचे ठरू शकते. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प, ज्यात स्वस्त विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची, हेच काम पाण्याने करतो. बॅटऱ्या ते रसायनांनी करतील. म्हणजे विकेंद्रित निर्मिती वाढली की मोठी केंद्रे संपतील हा समज चुकीचा आहे. त्यांचे काम बदलेल, आणि कदाचित त्या कामाचा मोबदला युनिटांवर न देता हजेरीवर द्यावा लागेल.

साठवणुकीचा विचार करताना बॅटरीच्या पलीकडे पाहण्याची गरज आहे, आणि इथे करंजा व मोरा या उरणच्या मच्छीमार बंदरांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. नौका समुद्रात जाताना टनावारी बर्फ घेऊन जाते, कारण मासळीचा भाव तिच्या ताजेपणावर ठरतो. बर्फ ही साठवता येणारी थंडी आहे. तो मध्यरात्री केला काय किंवा भर दुपारी केला काय, खणात ठेवला की सारखाच टिकतो. म्हणून बर्फ कारखान्याचे कॉम्प्रेसर उन्हाच्या तासांत पूर्ण भारावर चालवले तर दुपारच्या फुकट जाऊ पाहणाऱ्या विजेला गिऱ्हाईक मिळते आणि त्यासाठी एकही बॅटरी लागत नाही. आणखी एक योग असा की कोकणात सौर निर्मितीचे सर्वांत मंद महिने पावसाळ्याचे, आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे बर्फाची मागणी नेमकी तेव्हाच ओसरते. बंदरातल्या शीतकंटेनरांना मात्र अशी सुट्टी नसते. कोणता भार उन्हाची वाट पाहू शकतो आणि कोणता नाही, याची यादी तालुक्या-तालुक्यात करणे हे काम पॅनल वाटण्यापेक्षा कमी आकर्षक असले तरी त्याच्याइतकेच मोलाचे आहे.

आपत्तीच्या प्रसंगी विकेंद्रित वीज हाताशी येईल, अशी सर्वसामान्य अपेक्षा असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा जिल्ह्यात विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले आणि श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूची गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी छपरावर पॅनल असलेले घर तरी उजळलेले असेल असे वाटते. पण तारेशी जोडलेल्या साध्या संचाचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलच्या एकदिश प्रवाहाचे घरगुती विजेत रूपांतर करणारी पेटी, तारेवरची वीज गेली की आपणहून बंद पडतो. हा दोष नसून मुद्दाम ठेवलेली सुरक्षा आहे, कारण तो चालू राहिला तर तुटलेल्या तारेत वीज उतरेल आणि ती जोडायला खांबावर चढलेला वायरमन मरेल. बॅटरी आणि जाळ्यापासून घर आपोआप वेगळे करणारी व्यवस्था असेल तरच दिवा लागतो, आणि ती व्यवस्था अनुदानाच्या नेहमीच्या संचात नसते. भर उन्हात पॅनल तळपत असूनही पंखा बंद, हा अनुभव घेतलेल्या ग्राहकाला फसवले गेल्यासारखे वाटते. त्याला आधी सांगायला हवे होते, इतकेच.

जाळ्यापासून वेगळे होण्याच्या या क्रियेला मोठ्या प्रमाणावर ‘आयलंडिंग’, म्हणजे बेट करणे, म्हणतात. मुंबईसाठी अशी व्यवस्था अनेक दशकांपासून आहे : बाहेरचे जाळे कोसळले तर शहराने आपली केंद्रे आणि आपला भार घेऊन अलग व्हायचे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघे परिसरातील वाहिन्यांच्या बिघाडानंतर ते बेट टिकले नाही, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि महामुंबईचे व्यवहार काही तास ठप्प झाले. इतक्या साधनसंपन्न शहराला जे त्या दिवशी साधले नाही, ते एखाद्या गावाला, एखाद्या ग्रामीण रुग्णालयाला किंवा पाणीपुरवठा योजनेला लहान प्रमाणात साधू शकेल का, ही मायक्रोग्रिडमागची कल्पना आहे. मायक्रोग्रिड म्हणजे स्वतःची निर्मिती, स्वतःचा साठा आणि स्वतःच्या तारा असलेले, गरजेप्रमाणे मोठ्या जाळ्याला जोडले जाणारे किंवा त्यापासून सुटणारे छोटे जाळे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, दरेवाडी या डोंगरातल्या वस्तीत, २०१२ मध्ये दहा किलोवॅटपेक्षाही कमी क्षमतेचे असे सौर जाळे उभे राहिले आणि तीन-चार डझन घरांनी मीटर लावून, गावसमितीकडे पैसे भरून ती वीज वापरली. तिथे यंत्राइतकेच महत्त्व वसुलीच्या वहीला होते.

वसुलीच्या वहीचा उल्लेख आला की महाराष्ट्रातल्या सहकाराची आठवण टाळता येत नाही. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सुमारे चार दशके आपल्या क्षेत्रात वीजवितरण केले. शेतकरी सभासद, स्थानिक कार्यालय आणि स्थानिक संचालक असे ते विकेंद्रित वितरणाचे राज्यातले सर्वांत मोठे उदाहरण होते. २०११ साली तिचा परवाना संपला तेव्हा मागे प्रचंड थकबाकी होती आणि ते क्षेत्र महावितरणकडे गेले. कृषिपंपांच्या अल्प दराचा भार एका लहान क्षेत्रात जिरवता येत नाही, तो पसरवायला मोठे राज्य लागते, हा त्यातला एक धडा. स्थानिक मालकी आली म्हणजे हिशेब आपोआप चोख होतो असे नाही, हा दुसरा. आज छतावरच्या सौरऊर्जेमुळे जास्त वीज वापरणारे, जास्त दर भरणारे ग्राहक हळूहळू जाळ्याच्या बिलातून निसटत आहेत. तारा, रोहित्रे आणि वायरमनचे पगार मात्र तेवढेच राहतात, आणि तो खर्च उरलेल्यांवर, म्हणजे ज्यांना छप्पर नाही त्यांच्यावर, सरकतो. मुळा-प्रवरेचे दुखणे राज्याच्या आकाराचे होऊ नये, ही काळजी त्यामुळे अनाठायी नाही.

डेन्मार्कमधल्या साम्सो या बेटाचे उदाहरण येथे तुलनेसाठी घेण्याजोगे आहे. चार हजारांच्या आसपास वस्तीच्या या बेटाने १९९७ नंतरच्या दशकात जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या उभ्या केल्या, आणि त्यांची मालकी शेतकरी, रहिवाशांचे सहकारी गट आणि पालिका यांच्यात वाटली गेली. साम्सोने मुख्य भूमीची केबल तोडली नाही, ही त्यातली ध्यानात घेण्याची बाब आहे. वारा जास्त असेल तेव्हा वीज बाहेर जाते, कमी असेल तेव्हा आत येते, आणि तीच समुद्राखालची तार दोन्ही कामे करते. महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारी गोष्ट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आहे : २०१७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत उपकेंद्राजवळच्या पडीक किंवा खासगी जमिनीवर काही मेगावॅटचे सौर प्रकल्प उभारून कृषी फीडरला दिवसा वीज द्यायची असते, आणि खासगी जमीन घेतल्यास ती विकत न घेता भाड्याने घेतली जाते, २०२३ च्या सुधारित योजनेत हे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढीसह, ठरले. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. उरणमध्ये शेती मुख्यतः पावसाच्या भाताची असल्याने पंप थोडे आणि या योजनेचा स्पर्शही थोडा. तरी संपादन आणि भाडेपट्टा यांतला हा फरक ज्या तालुक्याने १९८४ पाहिले आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही. १ मेगावॅट सौर प्रकल्पाला साधारण चार-पाच एकर जमीन लागते, म्हणजे बोकडविऱ्याइतक्या नाममात्र क्षमतेसाठी तीन हजार एकरांच्या आसपास, आणि तीही दिवसाच चालणारी. खाजणे, मिठागरे आणि उरलीसुरली भातशेती यांवर हा भार टाकण्यापेक्षा बंदरालगतच्या गोदामांची विस्तीर्ण छपरे आधी मोजली जावीत, असे कोणालाही वाटेल.

या पार्श्वभूमीवर पुढील विवेचनात पॅनल, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर यांच्याइतकीच जागा मीटर, दरपत्रक, भाडेकरार आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त यांना दिलेली आढळेल, आणि तांत्रिक वाचकाला ती कदाचित जास्त वाटेल. घारापुरीची केबल या विवेचनात वारंवार भेटेल, तीही याच कारणाने. तिच्यातून वीज आज एकाच दिशेने, किनाऱ्याकडून बेटाकडे, वाहते. उलट दिशेने वीज वाहायला तांबे किंवा ॲल्युमिनियम कधीच आड येत नाही. आड येतात ते दुसरे प्रश्न : वारसा स्थळाच्या परिसरात कोणत्या छपरावर काय बसवता येईल, तीन वस्त्यांपैकी कोणाच्या, ती वीज कोणत्या दराने मोजायची, आणि एखाद्या जहाजाच्या नांगराने तार तुटलीच तर शेतबंदरचा नळपंप आणि मोराबंदरची शाळा यांपैकी आधी कोणाचा स्विच चालू ठेवायचा, हे बेटावरची ग्रामपंचायत ठरवणार की समोरच्या किनाऱ्यावरचे कार्यालय.